फोनवरच्या मुलाखतीत जात दिसत नाही?

फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणजे जातही दिसत नाही, असे आपल्यातलेही काहीजण मानतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास वाचा. पात्रता सारखीच, फरक फक्त आडनावाचा. तरी दलित आडनावाच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून बोलावणे कमी आले.

नालासोपाऱ्यात आम्ही मुलामुलींची तयारी करून घेतो. खोलीत कुकर, खाली रिक्षांचे हॉर्न, म्हणून फोन विहारात बसून घ्यायचा. बायोडाटा कागदावर समोर. प्रश्न कळला नाही तर बिनदिक्कत पुन्हा विचारायचा. एवढे महिनाभरात जमते.

पोरे गप्प होतात ती ‘फॅमिली बॅकग्राउंड सांगा’ म्हटल्यावर. आम्ही सांगतो, लपवू नका आणि लांबवूही नका. आमच्या एका मुलीने सांगितले, "आई पहाटेच्या लोकलने अंधेरीला घरकामाला जाते, तिच्या पगारावर मी बी.कॉम. झाले. आता टॅलीचे विचारा." नोकरी लागली!

पण हिशेब लिहायला आईचा धंदा कशाला कळायला हवा? संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आम्ही सोडत नाही ती यासाठीच.