मुक्याची साक्ष

परीक्षकाच्या खुर्चींत ३० वर्षें बसलेल्या मनुष्याला स्वतः निरुत्तर होण्याची संवय नसते. आमच्यावर तो प्रसंग आला एका पशुवैद्यांच्या दवाखान्यांत, आणि प्रश्नही कांहीं मोठा गहन नव्हता. "वाघ्या जास्त पाणी केव्हांपासून पिऊं लागला?" एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्हांला तें ठाऊक नव्हतें.

वाघ्याला आम्ही ९ वर्षें नेमानें दवाखान्यांत नेत होतों, याचा आम्हांला कोण अभिमान! रेबीजची लस दर वर्षीं. आणि पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून त्याचीही. डॉक्टर "कसा आहे?" म्हणून विचारीत, आम्ही "उत्तम" म्हणून सांगत असूं, सुई टोचून होई, पुस्तिकेंत शिक्का बसे, आणि १० मिनिटांत आम्ही पुन्हां रस्त्यावर! विम्याचा हप्ता भरून आल्याप्रमाणें मन हलकें होई. ज्या रोगाची लस टोचावी त्या रोगापासूनच ती वांचविते, बाकीच्यांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, हा विचार आमच्या मनाला कधीं शिवलाही नाहीं.

त्या दिवशीं घरीं आल्यावर आम्हीं घरकामाच्या मावशींना सहज विचारलें. त्या म्हणाल्या, "दिवाळीपासून त्याचं भांडं मी दोनदां भरते आहे कीं! विचारलं असतंत तर तेव्हांच सांगितलं असतं." आम्ही विचारीत होतों तो महिना फाल्गुन. मूत्रपिंडांचा हा विकार मोठा लबाड आहे. त्यांत तहान वाढलेली दिसते तेव्हां मूत्रपिंडांची सुमारें दोन तृतीयांश शक्ति आधींच गेलेली असते. आणि रक्त तपासून क्रिएटिनिन चढलेलें दिसावयास तर त्याहूनही अधिक नाश व्हावा लागतो. मूत्र मात्र त्याच्या आधींच पातळ होऊं लागतें. गेलेलें परत येत नाहीं. पण वेळींच कळलें तर आहार बदलून उरलेलें पुष्कळ दिवस राखतां येतें. वाघ्या त्यानंतर ३ आठवडे जगला.

आतां घरांत टिप्या आहे. त्याला ७ वर्षें झालीं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें आम्ही त्याला दर सहा महिन्यांनीं नेतों. जाण्यापूर्वीं आठवडाभर वही ठेवतों: पाणी किती, भूक कशी, शौच कसें, जिना चढतांना थांबतो काय. सकाळचें पहिलें मूत्र स्वच्छ बाटलींत न्यावें लागतें. त्यासाठीं पहांटे अंगणांत टिप्याच्या मागें पळी घेऊन वांकून चालणाऱ्या प्राध्यापकाचें दर्शन आमच्या आळीनें घेतलें आहे. ती पळी स्वयंपाकघरांतील होती हें उघडकीस आल्यावर घरांत जें झालें, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

मुख्य म्हणजे आम्ही मावशींना बरोबर नेतों. गेल्या खेपेस आमची वही वाचून झाल्यावर त्या संकोचानें म्हणाल्या, "हा हल्लीं डावीकडूनच चावतो." डॉक्टरांनीं टिप्याचा उजवा ओठ वर उचलला. वरच्या मोठ्या दाढेचें एक शकल उडालेलें होतें. आम्हीं कौतुकानें आणून दिलेल्या हाडाचा तो प्रसाद! आठवडाभर वही लिहूनही आम्हांला तें दिसलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्ही कुत्र्यावर प्रेम करतों तें त्याच्या डोळ्यांकडे पाहून. त्याच्या भांड्याकडे पाहणारीं माणसें निराळीं असतात.

मग वजन झालें. सहा महिन्यांत २ किलोंची वाढ. "खातो काय?" या प्रश्नावर आम्हीं भात, अंडें, उकडलेली कोंबडी असा पाठ घडाघडा म्हणून दाखविला. मावशी जमिनीकडे पाहूं लागल्या.

"सकाळीं साहेबांच्या मेजाखालीं बिस्किटांचा चुरा असतो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनीं एकवार आमच्याकडे पाहिलें आणि कागदावर एक ओळ लिहून तिच्याखालीं दोन रेघा ओढल्या. तो कागद सध्यां आमच्या मेजावरील कांचेखालीं आहे, आणि रात्रीं दहाचा सुमार झाला कीं टिप्या त्या मेजापाशीं येऊन उभा राहतो.