दोष कोणाचा?

मनुष्य थकला की त्याच्या प्रत्येक तक्रारीचे मूळ त्याच्या वयातच शोधावे, अशी आपल्या घरांतून एक खोड असते. ती आमच्या अंगी किती मुरली आहे, याचा प्रत्यय आम्हास गेल्या पावसाळ्यात आला.

आमचे वडील बंधू अण्णा यांस कमी ऐकू येते आणि गुडघ्यांमुळे माजघरातील खाट सोडवत नाही. तरीही ओटीवरील मुलांचा परवचा ऐकल्यावाचून त्यांस जेवण गोड लागत नाही. म्हणून अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या नातवाने एक यंत्र करून दिले. ओटीवर मायक्रोफोन, मध्ये आवाज वाढविणारी 'एलएम ३८६' ही चिप आणि अण्णांच्या कानी हेडफोन. शिवाय आवाजाचा चढउतार दाखविणारी दिव्यांची ओळ, 'आर्दुइनो' या मायक्रोकंट्रोलरच्या हुकमतीत.

दुसऱ्याच दिवशी अण्णा म्हणाले, "मुलांपेक्षा भुंगाच फार ओरडतो रे."

आम्ही गंभीरपणे सांगितले, "अण्णा, तो तुमच्या कानातला नाद. वयोमानाने होतो."

जन्मभर मुलांस पडताळा पाहावयास लावणाऱ्या आम्हास हेडफोन एकदा स्वतःच्या कानाला लावण्याचे सुचले नाही! अण्णांनी यंत्र उशाशी ठेवून दिले आणि पुन्हा तक्रार केली नाही.

पुढे नातू सुटीस मालवणास आला. त्याने हेडफोन आधी स्वतः लावला, मग आमच्या हाती दिला. "आजोबा, ऐका." भुंगा होता!

जे असता कार्य घडते व जे नसता घडत नाही, ते त्याचे कारण. हा अन्वय-व्यतिरेक आम्ही न्यायशास्त्रात शिकलो होतो. नातवाने तोच चालविला. चार्जर काढून बॅटरी जोडली, तो जाड घुमारा थांबला. तो घरातील ५० हर्ट्झच्या विजेचा होता. भुंगा मात्र राहिला. दिवे बंद केले, तोही गेला. लावले, पुन्हा आला.

हा मायक्रोकंट्रोलर दिवे मंद दाखविण्यासाठी ते सेकंदास सुमारे ४९० वेळा लावतो व विझवितो. तितक्याच वेळा वीज हिसक्याने ओढली जाते, आणि तीच तार मायक्रोफोनकडेही जाते. पाटाच्या वरच्या अंगास कोणी घागर बुडविली की खालच्याचे पाणी हलावे, तसे हे. आम्ही हिशेब मांडला : तारेचा रोध एकदशांश ओहम, प्रवाह २० मिलिअँपिअर; म्हणजे २ मिलिव्होल्ट. चिपने ते २०० पट केले की ४०० होतात! शिवाय वार्धक्यात आधी उंच स्वर हरपतात. म्हणून मुलांचे 'स' आणि 'श' अण्णांस पुसट आणि हा खालचा स्वर स्पष्ट.

उपाय साधे निघाले. मायक्रोकंट्रोलरच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा आणि आवाजाच्या चिपपाशी ४७० चा कपॅसिटर लावला. विहिरीकाठच्या डोणीप्रमाणे तो लागेल तेव्हा जवळचे पाणी पुरवितो. मायक्रोफोनच्या वाटेवर १ किलोओहमचा रोध व १०० मायक्रोफॅरडची आणखी एक डोण बसविली. दिव्यांची परतीची तार निराळी काढून थेट बॅटरीपाशी जोडली. खारट हवेने हिरवे पडलेले सांधे घासून पुन्हा झाळले. चार्जर कायमचा सुटला.

नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिची जागा ठरवितानाच मानवी रेडिओ-गोंगाट कमी असलेला प्रदेश पाहिला गेला. दूरचा क्षीण आवाज ऐकावयाचा, तर जवळचा गलबला आधी शमवावा लागतो; तेथे आकाशाचा, आमच्या घरी परवच्याचा.

त्या संध्याकाळी मुले पाउणकी म्हणत होती. "सात पाउणे साडेपाच," एक जण म्हणाला. आम्ही ओटीवर शेजारीच बसलो होतो. आमच्या ध्यानी आले नाही. माजघरातून खणखणीत आवाज आला, "सव्वापाच!"