मशीनने शून्य दाखवलं

रंगपंचमीला मी इंदूरला मावशीकडे गेले होते. दुपारी भांगेची थंडाई झाली. मी घेतली नाही, मावसभावाने दोन ग्लास घेतले. संध्याकाळी म्हणाला, ‘‘चल ताई, तुला स्टेशनला सोडतो.’’

वाटेत पोलिसांनी गाडी अडवली, मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला शून्य! पोलीस म्हणाला, ‘‘जाइए.’’ पुढच्याच चौकात लाल सिग्नल तोडून आमची गाडी सुसाट गेली. स्कूटरवरची एक मुलगी थोडक्यात वाचली.

लेख लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे घरी आल्यावर कायदा शोधत बसले. तुम्हाला ठाऊक आहे का, ते मशीन फक्त दारू ओळखतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५मध्ये दारूसाठी आकडा आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त. भांग, गांजा वगैरेंसाठी आकडाच नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल हवा, एवढंच म्हटलंय. आता तो सिद्ध कसा करायचा?

मला वाटलं, सरळ एक आकडा ठरवून टाकावा. अमेरिकेत कोलोरॅडोने ठरवलाय. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ५ नॅनोग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य. पण तिथेही तो आकडा म्हणजे फक्त अनुमान, आरोपी ते खोडून काढू शकतो. कारण हे द्रव्य चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते नशा उतरल्यावरही सापडतं. उलट भांग पोटात गेली की अंमल उशिरा चढतो आणि रक्तातला आकडा कमीच दिसू शकतो. माझा भाऊ कदाचित तिथेही सुटला असता!

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली वेगळी वाट धरली. पोलिसाने डोळ्यांनी पाहिलं ते सांगावं, जसं की रेषेवर चालताना तोल गेला, बोलणं अडखळलं. पण ‘हा चाचणीत नापास झाला’ किंवा ‘याला गांजा चढला होता’ असं म्हणू नये. कारण त्या चाचण्या मुळात दारूसाठी तयार झालेल्या. आधी मला ही पळवाट वाटली. पण निर्दोष माणूस अडकण्यापेक्षा बरं, हे पटलं.

मग मी भावाला फोन केला. ‘‘मशीनने शून्य दाखवलं ना, ताई?’’ तो हसत म्हणाला. मी रागावले नाही, फक्त पाहिलं ते सांगितलं. सिग्नल लाल होता. तू ब्रेक दाबला नाहीस. स्कूटरवाली फुटपाथवर चढली.

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ‘‘कोणती स्कूटरवाली?’’