देवबागच्या खाडीवरील जुनें इंजिन

मालवणच्या दक्षिणेस देवबागची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी. आमच्या काकांचें घर खाडीकांठीं आणि नारळांची बाग पैलतीरीं, त्यामुळें होडीवांचून त्यांचें चालत नाहीं. वल्हीं मारून खांदे धरले, तेव्हां २०१९ सालीं होडीच्या पाठीस अडकवावयाचें एखादें जुनें इंजिन घ्यावें असें ठरलें, व पारख करण्यास आम्हां भावंडांस पुण्याहून बोलावणें आलें. आम्हांस त्यांतलें कांहीं कळत नव्हतें, हें सांगणें नलगे.

असलीं इंजिनें लोकप्रिय करणारा ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला अमेरिकन कारागीर. प्रेयसीसाठीं आइस्क्रीम आणतांना वल्हवून दमल्यामुळें त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. काकांच्या वाट्यास मात्र नारळांचीं पोतीं!

सुदैवानें शेजारचे वृद्ध तांडेल बरोबर आले. विकणारा गृहस्थ रंगाची तकाकी दाखवूं लागला, तोंच ते म्हणाले, "रंग कोणय काढतलो. आधी पाणी बघूया." इंजिनाचें खालचें अंग गोड्या पाण्याच्या पिंपांत बुडवून तें सुरू केलें. क्षणांतच बाजूच्या भोंकांतून पाण्याची बारीक धार उडाली. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. ती मंद असेल तर पंपाचें रबरी चाक झिजलें किंवा आंतल्या वाटा मिठानें बुजल्या असें समजावें. असें इंजिन तापून जळावयाचें. मग त्यांनीं पंखा हातानें फिरवून दांडा वांकला नाहीं ना तें पाहिलें. शेवटीं खालच्या दांतचाकांच्या पेटीचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला. तेल दुधासारखें पांढुरकें असलें कीं आंत पाणी शिरलेंच. येथें तें स्वच्छ होतें. पस्तीस हजारांस सौदा झाला.

चार वर्षें काका प्रत्येक फेरीनंतर त्यांत गोडें पाणी फिरवीत. २०२३ सालीं मोठें इंजिन घेतल्यावर हें विकावयास काढलें. त्या दिवशीं आम्ही तेथेंच होतों. गिऱ्हाईक पैलतीरच्या भोगव्याचा एक तरुण. पहिलीच होडी, कर्जाऊ पैसे. सकाळींच आम्ही स्क्रू उघडून पाहिला होता. तेल पांढरें निघालें होतें. पोरगा रंगच न्याहाळीत होता. पाण्याची धार उत्तम उडाली. वीस हजार त्यानें मोजावयास घेतले. काका गप्प, आणि आम्हीही गप्प!

इतक्यांत माजघराच्या दारांतून काकू म्हणाल्या, "अहो, त्याला तेल दाखवा कीं."

काकांनीं निमूटपणें पाना उचलला. सौदा चौदा हजारांवर आला. वर नवें सील बसवून देण्याचेंही काकांनींच कबूल केलें. रात्रीं जेवतांना ते फारसें बोलले नाहींत. काकूंनीं मात्र त्यांच्या पानांत सोलकढी दोनदां वाढली.