वेशीच्या आतले कारंजे

वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे पत्ता सांगताना अजून वेशीचे नाव निघते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. दारव्हा, मंगरूळ आणि पोहा ही जवळची गावे. दिल्ली तेवढी दूरची, पण एकेकाळी या पेठेची नजर तिथवर पोहोचत होती. तट बहुतेक ठिकाणी ढासळला. सोयाबीन किंवा तुरीची पोती भरलेला टेम्पो कमानीशी आला की चालक आरसे आत दुमडतो, आणि समोरचा दुचाकीवाला मुकाट्याने मागे सरतो. जुन्या नगरीत राहणे म्हणजे प्रथम हेच: शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलेल्या रुंदीत आजचा व्यापार बसवणे.

ही पेठ किती संपन्न होती, याची साक्ष तिच्यावरील संकटाने दिली आहे. १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील कारंज्यावर स्वारी केली. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी लूट एक कोट रुपयांची सांगितली आहे. कापड, सोने आणि चांदी वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली. गावचे धनिक ओलीस गेले, आणि सर्वांत मोठा असामी तेवढा स्त्रीवेषात निसटला. कारंजेकर मात्र श्रीमंतीची दुसरीच गोष्ट आवडीने सांगतात. न खपलेली कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याची फजिती होऊ नये म्हणून लेकुर संघई यांनी सगळा माल विकत घेतला आणि बांधकाम चालू असलेल्या आपल्या हवेलीच्या चुन्यात कालवला, अशी ती आख्यायिका. खरेखोटे कोण पाहणार? परंतु दारी आलेला माल परत जाऊ नये, ही त्यातील अब्रूची कल्पना वाणीघरांना लगेच कळते.

अशा वेशींचे, तटाचे आणि व्यापाऱ्यांचे दुसरे एक नगर कॅनडात आहे. आता आपल्या समाजातील मुलेही शिक्षणासाठी त्या देशात जातात, म्हणून त्याची आठवण येथे अप्रस्तुत नाही. क्वेबेक नगर १६०८ मध्ये फ्रेंचांनी वसवले आणि १७५९ मध्ये ते इंग्रजांनी जिंकले. राज्य बदलले, भाषा बदलली नाही. आजही घरात, दुकानात आणि कचेरीत तेथे फ्रेंचच चालते. १८७० नंतर तेथील व्यापाऱ्यांनाही वेशी अडचणीच्या वाटल्या आणि त्या पाडण्यास आरंभ झाला. त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनी तट राखण्याचा आग्रह धरला, आणि वाहतुकीला पुरतील अशा रुंद कमानी बांधवून घेतल्या. हेच डफरिन १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. वऱ्हाडातील वेशींकडे त्यांची दृष्टी वळली असती तर बरे झाले असते! क्वेबेकचा सुमारे साडेचार किलोमीटरचा तट आज उभा आहे, आणि १९८५ मध्ये तो जुना भाग जागतिक वारसा ठरला.

तेथील लोकांनी मात्र तटाहून अधिक जपली ती भाषा. १९७७ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर आणि कामकाजात फ्रेंच बंधनकारक केली. या सक्तीबद्दल तेथे वाद पुष्कळ झाले. तरी एवढे खरे, की ज्या भाषेत मिठाचा भाव विचारला जातो ती सहसा मरत नाही.

कारंज्याचा ठेवा वेगळ्या प्रकारे टिकला. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांच्या भट्टारक गाद्या येथे होत्या. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडावरचे कोरीव काम पाहण्यास लांबून लोक येतात. राजस्थानातून आलेल्या बघेरवाल घरांनी येथे मराठी आपलीशी केली, आणि जिनसागरासारख्या कवींनी येथील परंपरेत मराठीत रचना केल्या. परंतु मोलाचा संग्रह होता तो मंदिरांतील कापडी वेष्टनांत. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी हे बस्ते उलगडले, आणि त्यांत अपभ्रंश भाषेतील ग्रंथ मिळाले. पुढे ते छापले गेले: १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ', १९३३ मध्ये 'णायकुमारचरिउ', १९३४ मध्ये 'करकंडचरिउ'. मराठीच्या पूर्वजांपैकी एक असलेली ही भाषा शतकानुशतके कोणी बोलत नव्हते. ती राहिली, कारण पोथी ही पूज्य वस्तू होती; तिला वाळवी लागणे हा घराचा दोष मानला जाई.

आज तिच्यापुढे प्रश्न वाळवीचा नाही. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेला, आणि नागपूर काही तासांवर आले. कापूस वाहणारी शकुंतला रेल्वे थांबली. मुले पुण्याला, बंगळुरूला नोकरी करतात. वाड्याच्या वाटण्या होतात, आणि सागवानी खांबांना गिऱ्हाईक येते. त्यात कोणाचा दोष काढावा? चिंचोळ्या गल्लीतल्या तीन मजली वाड्यात वृद्ध दांपत्याने किती दिवे लावावेत, यालाही मर्यादा आहे. वाडा विकल्याचे दुःख लोक बोलून दाखवतात. पोथी वाचणारा उरला नाही, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही, कारण तिची पूजा अखंड चालू असते.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, शास्त्रे बाहेर निघतात. ऊन दाखवले जाते, जुने वेष्टन सोडून नवे बांधले जाते. सुटीला आलेली नातवंडे पानावर वाकतात. अक्षर नागरी, म्हणून वाचता येते. शब्द मात्र अडतात. 'चरिउ' म्हणजे चरित्र, हे आजी सांगते, कारण ते तिने प्रवचनात ऐकलेले असते. पुढच्या शब्दाला तीही थांबते. मग पान जागेवर ठेवले जाते, फळ्या जुळवल्या जातात, आणि नव्या कापडाची गाठ पक्की बसली की नाही हे आजोबा बोटाने दाबून पाहतात.