गल्लीवाचूनची घरे

माहीमहून आलेल्या आमच्या थोरल्या वहिनींना इंग्रजी फारसे अवगत नाही, आणि पूर्व लंडनचे उच्चार तर येथे ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनाही पुष्कळदा दुर्बोध वाटतात. असे असताना त्या सोमवारपासून गुरुवारपर्यंत रोज सायंकाळी ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका शेवटपर्यंत पाहतात आणि तिच्यातील भांडणांचा निवाडाही करतात, ही गोष्ट मला इतकी नवलाची वाटली की तिचा उलगडा केल्यावाचून चैन पडेना. ‘भाऊजी, ही माणसं घरात कधी जातात हो?’ असे त्यांनी परवा विचारले. माझ्या मते सारे मर्म त्या प्रश्नातच आहे.

बीबीसीवर 19 फेब्रुवारी 1985 रोजी सुरू झालेली ही मालिका अद्याप चालू आहे. तिच्यातील वॉलफर्ड हे उपनगर कल्पित असले, तरी तेथील अल्बर्ट स्क्वेअर या चौकात मद्यगृह आहे, भाजीफळांचा बाजार आहे, कपडे धुण्याचे सार्वजनिक दुकान आहे, आणि बहुतेक कलह या तीन ठिकाणी किंवा त्यांच्यामधल्या रस्त्यावर होतात. फळांच्या गाडीपाशी एक बाई दुसरीला अडवते, संत्री निवडणारी तिसरी हात थांबवून कान देते, धुलाईच्या दुकानाच्या दारातून चौथी डोकावते, आणि एकही शब्द न कळता कोण कोणाचे काय लागते हे वहिनींना कळून चुकते. कारण गिरगावापासून माहीमपर्यंत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ही रचना शिकवावी लागत नाही.

किंबहुना माहीमशी तुलना केली तर अल्बर्ट स्क्वेअर दरिद्रीच ठरेल. सिटीलाइट चित्रपटगृहाजवळच्या गोपी टँक मंडईतून लेडी जमशेटजी रस्त्याने उत्तरेकडे निघालेल्या मनुष्याला, फार वेळ न चालता, एका अंगाला शीतळादेवीचे देऊळ लागते, पुढे बुधवारच्या नोव्हेनासाठी मेणबत्त्या आणि फुले घेऊन आलेल्या नाना धर्मांच्या भाविकांनी गजबजलेले सेंट मायकेलचे चर्च लागते, समुद्राच्या बाजूला कोळीवाडा राहतो, आणि मखदूम अली माहिमी यांचा तो दर्गा, ज्याच्या उरुसात पहिला संदल मुंबईच्या पोलिसांकडून नेला जाण्याची वहिवाट आहे, तोही जवळच असतो. मंडईतील कोळीण, हलव्याचा दुकानदार, मेणबत्तीवाली, बंदोबस्तावरचा हवालदार: एवढी पात्रे एका रस्त्यावर आयती उभी असताना आमच्या मालिकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘होणार सून मी ह्या घरची’ या 2013 साली सुरू झालेल्या मालिकेतील जान्हवी बँकेत नोकरी करी, तेवढ्यापुरते शहर कथेत येई. लोकांच्या स्मरणात राहिले ते तिच्या सासरच्या गोखल्यांचे घर. 2019 च्या डिसेंबरात सुरू होऊन जवळजवळ पाच वर्षे चाललेल्या ‘आई कुठे काय करते’ मधील अरुंधती ही अलीकडच्या नायिकांत मला सर्वांत सशक्त वाटते, आणि मधुराणी प्रभुलकर यांनी ती मोठ्या संयमाने उभी केली. तथापि देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्याचे नाव जसे घरोघर तोंडी बसले, तसा त्या बंगल्याच्या रस्त्यावरचा वाणी किंवा इस्त्रीवाला कोणाच्या ओळखीचा झाला नाही. दोष केवळ लेखकांना देणे अन्यायाचे होईल. आठवड्याला सहा भाग पुरवावयाचे तर भाड्याच्या बंगल्याचा दिवाणखाना सोयीचा पडतो. रस्त्यावर कॅमेरा न्यायचा म्हणजे पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी, बघ्यांची गर्दी, गाड्यांचे भोंगे हे सारे आले. बीबीसीने ही अडचण 1984 साली एल्स्ट्री येथील स्टुडिओच्या मोकळ्या आवारात संपूर्ण चौकच उभारून सोडवली, आणि जवळजवळ चार दशके तो वापरून झाल्यावर शेजारी नवा बांधला.

येथे एक व्यावहारिक सूचना करणे अगत्याचे आहे, कारण आईवडील व सासूसासरे येण्याचे दिवस जवळ येत आहेत आणि दूरचित्रवाणीच्या परवान्याविषयी आपल्या लोकांत पुष्कळ गैरसमज प्रचलित आहेत. मुंबईत रात्री साडेआठला लागणारी मालिका उन्हाळी वेळेत येथे दुपारी चारला आणि हिवाळ्यात तीनला लागते. ती त्याच क्षणी पाहावयाची असेल, मग संचावर असो वा फोनवर आणि वाहिनी कोणत्याही देशाची असो, तर घराचा परवाना आवश्यक आहे, आणि त्याचे शुल्क एप्रिल 2025 पासून 174 पौंड 50 पेन्स असे ठरले. तीच मालिका प्रसारण संपल्यावर वाहिनीच्या ॲपवर पाहिली तर परवाना लागत नाही. बीबीसीचा आयप्लेअर याला अपवाद. त्यावर थेट पाहा की मागाहून, परवाना हवाच. पंचाहत्तरी ओलांडलेला पाहुणा घरी असला म्हणजे शुल्क माफ होते, हा समज खोटा आहे. ती सवलत ‘पेन्शन क्रेडिट’ ही सरकारी मदत मिळणाऱ्या वृद्धांपुरती आहे. शुल्क मासिक हप्त्यांनी भरता येते, आणि मध्येच गरज संपली तर उरलेल्या पूर्ण महिन्यांच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो. परवाना कचेरीची पत्रे आली की ती न फोडता बाजूला टाकण्याचा काही घरांत शिरस्ता आहे, तो सोडावा. परवाना लागत नसेल तर तसे लेखी कळवण्याची तजवीज आहे.

पुन्हा मूळ विषयाकडे वळायचे, तर आपल्या पडद्याला रस्ता मुळातच परका होता, असेही नाही. 1986 साली दूरदर्शनवर आलेली, कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांची ‘नुक्कड’ ही मालिका हिंदी असली तरी सायकलदुरुस्तीवाल्या हरीसकट आमचीच होती. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली सरकारी वकील न्यायालयातून निघून लोकलच्या डब्यात बसते, मुलाला घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते, त्या काही मिनिटांत एका बाईचे जेवढे आयुष्य दिसते, तेवढे मालिकांच्या शंभर भागांत दिसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेक्षकांना श्रीमंत घरेच पाहावयाची असतात, हा युक्तिवाद मला मान्य नाही. ‘ईस्टएंडर्स’चा 1986 च्या नाताळातील भाग तीन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, आणि त्यात मद्यगृह चालवणाऱ्या एका नवऱ्याने बायकोच्या हाती घटस्फोटाचे कागद ठेवले, याहून मोठे वैभव काही नव्हते. गोरेगावच्या चित्रनगरीत दोन-चार वाहिन्यांनी मिळून एक मराठी चौक कायमचा बांधावा, एवढी माझी मागणी आहे. आणि ते होईपर्यंत निदान पुढच्या एका नायिकेला कोथिंबीर आणायला स्वतः खाली पाठवावे, आणि ती परत येईपर्यंत कॅमेऱ्याने तिच्याबरोबर चालावे.