पाटावरून दिसणारं घर

फाइन आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराचं स्वयंपाकघर रंगवलं. दारात स्टूल टाकून बसले. समोर पितळी डब्यांची फळी, खाली शेगडी, कोपऱ्यात मोरी. फरशीच्या रेषा नियमाप्रमाणे दूर एका बिंदूला जाऊन मिळत होत्या. चित्र आजीला दाखवलं. ती म्हणाली, "हे पाहुण्याला दिसतं तसं झालं गं. मी बसते तिथून बघ की."

मी तिच्या पाटावर बसले. तिथून सगळंच बदललं. दार लांब, चिंचोळं झालं. फळी डोक्यावर आली. उजव्या गुडघ्याशी असलेला मिसळणाचा डबा परातीएवढा वाटायला लागला. आजी त्याच्याकडे न बघता मोहरी उचलायची. या खोलीची मापं तिच्या हाताने ठरवलेली होती.

1950 साली सुरू झालेल्या आमच्या फॅकल्टीत मूळच्या इंदूरच्या चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांनी घनवादापासून अमूर्तापर्यंत अनेक वाटा चोखाळल्या होत्या. एकाच जागेवरून बघायची सक्ती नसते, लघुचित्रात अंगण वरून दिसतं आणि भिंत समोरून, हे मी वर्गात ऐकलं होतं. कळलं ते पाटावर. भूपेन खख्खरांची चित्रंही तेव्हा नव्याने उमगली. हिशेबनीस असलेले खख्खर 1962 साली मुंबईहून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. ज्या शहराच्या राजवाड्यासाठी रविवर्म्याने पुराणकथांवरची 14 चित्रं रंगवली, तिथे 1972 साली खख्खरांनी 'जनता वॉच रिपेअरिंग' रंगवलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं साधं दुकान. मग आमची शेगडी का नको?

दुसऱ्या चित्रात मी फरशी भिंतीसारखी उभी केली. शेगडी बाजूने दाखवली, डबा वरून. त्यातल्या सातही वाट्या पूर्ण गोल. आजीने बराच वेळ पाहिलं आणि पांढऱ्या वाटीवर बोट ठेवलं. "मीठ मिसळणाच्या डब्यात कुठे ठेवतात? पाणी सुटतं त्याला." मिठाची चिनी मातीची बरणी शेगडीपासून दूर, डाव्या हाताला होती. रोज तिथलंच मीठ खाऊनही मला ती दिसली नव्हती. वाटीत मी धणेपूड भरली आणि बरणी तिच्या जागी काढली.

पुढे घरात ओटा आला. आजी उभ्याने स्वयंपाक करू लागली आणि कितीतरी दिवस तिचा हात डब्यासाठी खाली जात राहिला. आता ती नाही, ते घरही नाही. चित्र माझ्याकडे आहे. त्यात आजी कुठेच काढलेली नाही. मी ते भिंतीवर अगदी खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर लावलंय. बघायचं तर मांडी घालूनच बसावं लागतं.